एक वाण, अनेक शिवारं

गव्हाच्या नव्या वाणाची शिफारस होते तेव्हा तिच्यासोबत उत्पादनाचा एक आकडा येतो: हेक्टरी अमुक क्विंटल. हा आकडा कुठल्याच एका शेताचा नसतो. शिफारस द्वीपकल्पीय विभागासाठी, म्हणजे मुख्यतः महाराष्ट्र आणि कर्नाटकासाठी असेल, तर निफाड, पुणे, धारवाड अशा केंद्रांवर हंगामामागून हंगाम घेतलेल्या चाचण्यांची ती सरासरी असते. निफाडच्या बागायतीत पहिला येणारा वाण मराठवाड्यातल्या ओलीवरच्या शेतात चौथा येऊ शकतो, आणि पुढच्या वर्षी त्याच शेतात दुसरा. वाणांचा क्रम जागेनुसार आणि वर्षानुसार असा का बदलतो, आणि तो बदलत असताना निवड कशाच्या भरवशावर करायची, हा गहू संशोधनातला सर्वांत अवघड प्रश्न आहे असं मला वाटतं. संकर करणं त्यामानाने सोपं.

या प्रश्नावर दोन प्रामाणिक भूमिका आहेत. त्या मी इथे एका मामा-भाचीच्या तोंडी घालतो आहे. मामा गव्हाचे पैदासकार. त्यांची नोकरी समन्वित चाचण्यांत गेली. भाची कृषी पदवीधर. मराठवाड्यातल्या जिरायत शेतकऱ्यांबरोबर बियाण्यांचं काम करते. दोघंही कल्पित, पण मुद्दे खरे.

भाची : मामा, एक साधा हिशेब मांडते. आकडे माझ्या मनचे आहेत. दोन वाण, दोन शेतं. बागायतीत पहिला वाण हेक्टरी 50 क्विंटल देतो, दुसरा 40. जिरायतीत पहिला 12, दुसरा 18. सरासरी काढली तर पहिला 31, दुसरा 29. तुम्ही पहिल्याची शिफारस करणार. आणि जिरायतवाल्याला 18 च्या जागी 12 मिळणार, का तर दुसऱ्या कुणाच्या बागायतीत तो वाण चांगला आला म्हणून.

मामा : अगं, जिरायत आणि बागायत आम्ही एका सरासरीत घालत नाही. अखिल भारतीय समन्वित गहू प्रकल्प 1965 मध्ये सुरू झाला, त्यात देशाचे विभाग पाडले. विभागातही वेळेवर पेरणीचा बागायत गहू, उशिरा पेरणीचा बागायत गहू आणि जिरायत किंवा एक-दोन पाण्यांवरचा गहू, असे चाचण्यांचे वेगळे संच असतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा एमएसीएस 4028 घे. बन्सी गहू आहे. त्याची शिफारसच वेळेवर पेरलेल्या जिरायत शेतासाठी आहे. 102 दिवसांत येतो, हेक्टरी 19 क्विंटलांच्या थोडा वर उतारा, प्रथिनं 14.7 टक्के. त्याला बागायती वाणांशी कुणी झुंजवलं नाही.

भाची : संच वेगळे, हे मान्य. पण ‘जिरायत’ या एका खान्यात काय काय कोंबलंय ते बघा ना. पुरुषभर खोल काळी जमीन आणि वीतभर मातीखाली मुरूम, दोन्ही जिरायतच. नाशिकची जानेवारीतली रात्र आणि परभणीची रात्र एक नाही.

मामा : मग काय, प्रत्येक शेताला वेगळा वाण द्यायचा?

भाची : नाही. जो फरक दरवर्षी तसाच राहतो, त्याच्यापुरता वेगळा वाण द्या.

मामा : हे मात्र नेमकं बोललीस. सगळी मेख तिथेच आहे. उत्पादनातला फरक उलगडला की त्याचे थर दिसतात. एक, वाणाचा स्वतःचा गुण. दुसरा, वाणाचं त्या ठिकाणाशी जमणं. तिसरा, त्या वर्षाशी जमणं. आणि चौथा थर म्हणजे वाण, ठिकाण आणि वर्ष या तिघांमध्ये त्या एका हंगामापुरतं जे घडतं ते. हा चौथा थर बहुधा दुसऱ्यापेक्षा जाड निघतो. यंदा ऐन फुलोऱ्यात ढगाळ हवा आली, एखादा वाण नेमका त्याच आठवड्यात फुलोऱ्यात होता, तो मागे पडला. पुढच्या वर्षी तसं होणार नाही. तू एका शेतातल्या एका वर्षाच्या निकालावर वाण निवडलास, तर त्याचा गुण तुझ्या हाती लागत नाही, योगायोग लागतो. सरासरी काढायची ती हा योगायोग पुसायला.

मामांचं हे म्हणणं बियाण्यांच्या चळवळीतल्या माणसांनी जास्त गंभीरपणे घ्यायला हवं. ‘आमच्या शेतात हा गहू फार छान आला’ हे वाक्य खरं असतं, पण त्याने पुढच्या हंगामाबद्दल फार थोडं कळतं. तो पुन्हा येतो का, शेजारच्या चार शेतांत येतो का, हे तपासल्याशिवाय त्याला स्थानिक गुण म्हणता येत नाही. अर्थात भाचीलाही हे ठाऊक आहे. तिची हरकत पुढच्या पायरीला आहे.

भाची : सरासरीने योगायोग पुसला जातो. पण सोबत आणखी काय पुसलं जातं? समन्वित प्रकल्पाचे वार्षिक अहवाल मी वाचते. काही ठिकाणांपुढे शेरा असतो की ठिकाणाची सरासरी फार कमी आली, किंवा प्रयोगातल्या चुकीचं प्रमाण फार जास्त आहे, म्हणून तो प्रयोग एकत्रित हिशेबातून वगळला.

मामा : वगळावाच लागतो. उगवण विरळ होते, उंदीर लागतात, एका कोपऱ्यात पाणी साचतं. असा प्रयोग धरला तर चांगला वाण मार खातो आणि सुमार वाण पुढे सरकतो. पुढे लाखो हेक्टरांवर जाणाऱ्या बियाण्याचा निर्णय उंदरांवर सोडू का?

भाची : उंदरांचा प्रयोग वगळा, माझी ना नाही. पण काही वर्षी परतीचा पाऊस दगा देतो, वरची वीतभर माती कोरडी होते आणि सगळेच वाण हेक्टरी आठ-दहा क्विंटलांवर थांबतात. तो प्रयोग फसलेला नसतो मामा. तेच तिथलं वर्ष असतं. वाईट वर्षात कुठला वाण तग धरतो हे कळायची तीच जागा, आणि तीच आपण कागदावरून काढून टाकतो. मग उरलेल्या बऱ्या वर्षांवरून वाण स्थिर आहे असं जाहीर करतो.

यावर मामांकडे पुरतं उत्तर नाही. मोजमापाची अडचण खरी आहे, पण तिच्यात एक अन्यायही दडलेला आहे. प्रयोगातली चूक शेकडा प्रमाणात सांगतात, म्हणजे तिला त्या ठिकाणच्या सरासरीने भागतात. सरासरी 45 क्विंटल असेल तर तीन क्विंटलांची चूक किरकोळ दिसते. सरासरी दहा असेल तर तीच चूक प्रयोग बाद करायला पुरते. कोरडं शेत असं दोनदा मागे पडतं: उत्पादन कमी म्हणून, आणि त्याच कारणाने चूक मोठी दिसते म्हणून. वगळलेल्या कमी उत्पादनाच्या प्रयोगांचा वेगळा हिशेब ठेवावा आणि तो शिफारशीसोबत छापावा, असं मला ठामपणे वाटतं. जिरायत शेतकऱ्याला सर्वांत जास्त हवी असलेली माहिती तिथे आहे.

मामा : तू सगळीकडे चालणाऱ्या वाणावर नाराज आहेस, पण त्याच कल्पनेने आपल्याला जगवलंय. नॉर्मन बोरलॉग यांनी 1940 च्या दशकात मेक्सिकोत एका वर्षात गव्हाच्या दोन पिढ्या घ्यायला सुरुवात केली. हिवाळ्यात सोनोरात, समुद्रसपाटीलगत. उन्हाळ्यात तोलुकाला, सुमारे 2,600 मीटर उंचीवर, भरपूर पावसात आणि तांबेरा रोगाच्या माऱ्यात. हेतू वेळ वाचवायचा होता. पण झालं काय, की ओंबी काढायला ठरावीक लांबीचा दिवस मागणारी रोपं एका ना एका ठिकाणी गळत गेली. उरली ती दिवस लहान असो की मोठा, वेळेवर ओंबी काढणारी. म्हणून तो गहू मेक्सिकोतून उचलला आणि भारतात, पाकिस्तानात, तुर्कस्तानात रुजला. 1966 मध्ये आपण 18,000 टन बियाणं आणलं. दुष्काळ पाठोपाठ पडत होते. तालुक्या-तालुक्यासाठी वेगळा वाण काढत बसलो असतो तर काय झालं असतं?

भाची : ते ऋण मी नाकारत नाही. पण दोन्ही ठिकाणी पिकाला पाणी होतं. सोनोरात कालव्याचं, तोलुकाला पावसाचं. त्या निवडीतून दिवसाच्या लांबीला न जुमानणारा गहू मिळाला. तहान सोसणारा मिळेल असं काही तिथे नव्हतं. तरी ‘सगळीकडे चालतो’ या शब्दांत कोरडवाहू शेतही धरलं गेलं. मार्सी बारान्स्की यांचं ‘द ग्लोबलायझेशन ऑफ व्हीट’ हे 2022 चं पुस्तक याच गृहीताची झाडाझडती घेतं.

मामा : तहानेचं मोजमाप करायला साधन आहे की. 1963 मध्ये ऑस्ट्रेलियात फिनले आणि विल्किन्सन यांनी सातूचे 277 वाण तपासले. पद्धत इतकी सोपी की आजही आपल्याकडचे विद्यार्थी प्रबंधात वापरतात. आडव्या अक्षावर ठिकाणाची सरासरी, उभ्या अक्षावर एका वाणाचं उत्पादन, आणि त्यातून रेषा. रेषेचा चढ एक असेल तर वाण सगळ्यांच्या बरोबरीने वर-खाली होतो. एकापेक्षा जास्त असेल तर चांगल्या शेतात उसळतो, वाईट शेतात कोसळतो. कमी असेल तर वाईट शेतात तग धरतो, पण खतपाण्याला फारसा प्रतिसाद देत नाही. तीन वर्षांनी एबरहार्ट आणि रसेल यांनी भर घातली: चढ तर पाहाच, पण वाण त्या रेषेपासून किती भरकटतो तेही पाहा. भरकटणारा वाण भरवशाचा नाही. तुझ्या जिरायतवाल्याने कमी चढाचा वाण घ्यावा. झालं!

भाची : झालं कसं? चढ कमी म्हणजे तो वाण सगळीकडे सारखाच सुमार असू शकतो. आणि दुसरी गोष्ट, त्या आडव्या अक्षावर कारण कुठे आहे? समजा तीन ठिकाणी सरासरी 20 क्विंटल आली. एका ठिकाणी तांबेऱ्याने, दुसरीकडे फेब्रुवारीतल्या उन्हाने, तिसरीकडे ओल संपल्याने. तुमच्या आलेखात तिन्ही ठिकाणं एकाच टिंबावर बसतात. उन्हातून वाचणारा वाण तहानेतूनही वाचेल असं कुणी सांगितलं? शिवाय ठिकाणाची सरासरी त्या चाचणीतल्या वाणांचीच असते. वाण बदलले की अक्षही बदलतो.

मामा : हे खरं आहे, आणि आम्हालाही ते पटायला वेळ लागला. आता कुठला वाण कुठल्या ठिकाणांच्या गटात जिंकतो हे दाखवणारे आलेख आलेत. कॅनडात वेइकाई यान यांनी ओंटारियोच्या गव्हावर ते रूढ केले. पण त्यातही गट दिसतो, कारण आपणच शोधायचं. कारण धरून निवड केली तर काय साधतं, त्याचं उदाहरण आपल्या निफाडचं आहे. महाराष्ट्रात थंडी आखूड. 15 नोव्हेंबरनंतर पेरणी पंधरवडाभर लांबली की हेक्टरी अडीच क्विंटलांच्या आसपास घट येते, हे आम्ही वर्षानुवर्षं सांगत आलो. दाणा भरायच्या काळात पारा चढला की भरण्याचे दिवसच कमी होतात, दाणा बारीक राहतो. मार्च 2022 आठव. देशातला 1901 पासूनचा सर्वांत उष्ण मार्च. फेब्रुवारीत गव्हाचा अंदाज 11.13 कोटी टनांचा होता, मे महिन्यात तो 10.64 कोटींवर आला. अशा उन्हासाठी दोन्ही तारखांना पेरून तपासलेला वाण म्हणजे फुले समाधान. शिफारशीत वेळेवर पेरणीला हेक्टरी 46 क्विंटलांच्या आसपास, उशिराला 44 च्या.

भाची : मला हेच म्हणायचंय, मामा! उशिरा पेरणी हा योगायोग नाही. ऊस तुटायला उशीर होतो, कपाशी शेतात उभी असते, म्हणून त्या शेतकऱ्याचा गहू दरवर्षी उशिरा पडतो. तुम्ही तो दरवर्षीचा फरक ओळखलात, त्यासाठी वेगळा संच लावलात, आणि फळ मिळालं. जमिनीच्या खोलीसाठी तेच करा.

इथे दोघंही एकाच गोष्टीपाशी आलेले दिसतात, पण शेतकऱ्याच्या अंगाने पाहिलं की अजून एक दरी उरते. पैदासकार ज्याला स्थिर म्हणतो तो वाण अनेक ठिकाणी बरा असतो. शेतकऱ्याचं शेत मात्र एकच असतं आणि त्याच्यासमोर वर्षं अनेक असतात. चाचण्यांत वर्षं तीनच मिळतात, म्हणून ठिकाणं वाढवून वर्षांची उणीव भरून काढतात. ठिकाणाने वर्षाची जागा घ्यायची तर दोन्हीकडे कमी-जास्तीचं कारण एकच असायला हवं. ते एक नसेल, तर वीस ठिकाणांची सरासरीही एका शेताच्या पुढच्या दहा वर्षांबद्दल गप्प राहते. आणि एक कारण असं आहे की ते कितीही ठिकाणं वाढवली तरी चाचणीत दिसत नाही. ते मामाच सांगतात.

मामा : तुझ्या बाजूचा सर्वांत मोठा पुरावा तू मांडलाच नाहीस. पीबीडब्ल्यू 343. मेक्सिकोतल्या गहू संशोधन केंद्रातून आलेल्या साहित्यातून निवडलेला, पंजाबमधला, 1995 चा वाण. वायव्येच्या मैदानात त्याने सगळ्यांना मागे टाकलं. ऐन भरात तो सुमारे 70 लाख हेक्टरांवर होता. पिवळ्या तांबेऱ्याविरुद्ध त्याची भिस्त मुख्यतः एका जनुकावर होती. त्या जनुकाला दाद न देणारी तांबेऱ्याची नवी जात आली आणि समोर तिला पंजाबपासून बिहारपर्यंत एकच गहू पसरलेला मिळाला. पुढे पंजाब-हरियाणात पिवळ्या तांबेऱ्याच्या साथी आल्या. त्याआधी कल्याणसोना असाच गेला होता, नंतर एचडी 2967 लाही तेच भोगावं लागलं. चाचणीच्या तीन वर्षांत हे दिसणं शक्य नव्हतं. ऊन आणि ओल यांना एखादा वाण किती क्षेत्रावर आहे याच्याशी काही घेणंदेणं नसतं. तांबेऱ्याला असतं. जो वाण सर्वांत जास्त पसरतो, त्याच्यावर जगणारी जातच सर्वांत जास्त वाढते.

भाची : म्हणजे वाणाचं यशच त्याच्याभोवतीची परिस्थिती बदलतं. मग एकाच वाणाने इतकं पसरणं हाच धोका नाही का?

मामा : धोका आहे. पण वाण स्थानिक असला की सुरक्षित, असंही समजू नकोस. पिवळा तांबेरा आपल्या मैदानात उन्हामुळे वाढत नाही, पण काळा आणि नारिंगी हंगामात वाढतो. काळ्या तांबेऱ्याचे बीजाणू निलगिरी आणि पळणीच्या डोंगरांत वर्षभर जिवंत राहतात आणि नोव्हेंबरातल्या चक्रीवादळांच्या वाऱ्यांबरोबर उत्तरेकडे सरकतात. 1946-47 मध्ये मध्य भारतात या तांबेऱ्याने हाहाकार केला होता. कर्नाटक आणि महाराष्ट्र हे त्याच्या वाटेवरचं दार आहे. इथे रोगाला बळी पडणारा गहू पेरला तर नुकसान त्या एका शेतापुरतं राहत नाही. लोक-1 बघ. सौराष्ट्रातल्या सणोसऱ्याच्या लोकभारतीने काढलेला. लवकर येतो, दाणा टपोरा, उशिराही चालतो. तांबेऱ्याला बळी पडतो हे माहीत असूनही शेतकऱ्यांनी तो अनेक दशकं सोडला नाही.

भाची : का सोडावा? शेतकऱ्याच्या मापात तो स्थिरच होता. बाजारात दाण्याला भाव, घरात चपाती मऊ, मार्चच्या आत खळं मोकळं. तुमच्या चढात भाव कुठे बसतो?

मामा : बसत नाही. लोक-1 ला हरवायचं तर तेवढाच लवकर येणारा, तेवढाच टपोरा आणि रोगाला दाद न देणारा वाण समोर ठेवायला हवा. साताऱ्यातल्या करंजखोपला आघारकरचा एमएसीएस 6478 गेला, तेव्हा लोक-1 आणि एचडी 2189 वर हेक्टरी 25 ते 30 क्विंटल घेणारे शेतकरी 45 ते 60 वर गेले. तेव्हाच जुने वाण सुटले.

भाची : पण तो वाण वेळेवर पेरलेल्या बागायतीसाठी शिफारस केलेला. माझ्या गावात पाणी नाही.

मामा : मग तू काय लावणार आहेस?

भाची : मिश्र बियाणं लावायचा विचार आहे. सिरियातल्या इकार्डा केंद्रातले साल्वातोरे चेकारेल्ली हे शेतकऱ्यांबरोबर सातूची निवड त्यांच्याच शेतात करत. पुढे त्यांनी अनेक संकरांचं मिश्र बी शेतकऱ्यांना दिलं. दरवर्षी त्याच शेतातलं बी पुन्हा पेरायचं, तिथलं हवामानच निवड करत जातं.

मामा : तांबेऱ्याच्या दृष्टीने मिश्रण चांगलं, रोग भराभर पसरत नाही. पण बाजार समितीत मिश्र दाण्याचा ढीग पाहून व्यापारी दर पाडणार. घरच्या खाण्यापुरतं लाव. आधी मला हे सांग, तुझ्या गावात वाईट वर्ष पाहायला तू किती वर्षं थांबणार?

भाची : थांबणार नाही. एकाच गावात तीन वेगवेगळ्या खोलीची माती घेणार: वीतभर, हातभर, पुरुषभर. बऱ्या वर्षातली उथळ जमीन ही वाईट वर्षातल्या खोल जमिनीसारखी वागेल. तुम्ही ठिकाणाला वर्षाच्या जागी ठेवता, तसंच.

मामा : ओलीपुरतं ते चालेल, कारण दोन्हीकडे कारण एकच आहे. उन्हाचं उत्तर त्यातून मिळणार नाही. आणि त्यासाठी जिरायतीत पेरणी लांबवू नकोस. ओल उडून जाईल, मग दाणा उन्हाने बारीक झाला की तहानेने, ते कळायचं नाही. उन्हाचा प्रयोग बागायतीत दोन तारखांना वेगळा लाव.

भाची : चालेल. तुलनेला एक तुमचा शिफारशीतला वाण ठेवते आणि एक शेतकऱ्यांचा जुना बन्सी.

मामा : दोन्ही प्रत्येक शेतात हवेत. आणि पुनरावृत्त्या?

भाची : शेतकरी एका वाणाला एकच पट्टा देईल. त्याच्या रानात चार-चार पुनरावृत्त्या बसणार नाहीत. शेतकरी जास्त घेते.

मामा : प्रत्येक खोलीच्या मातीसाठी आठ-दहा शेतकरी तरी घे. त्याहून कमी घेतलेस तर पुन्हा योगायोगच निवडशील.

भाची : मिळतील तेवढे. पण ज्या शेतात जेमतेम सहा क्विंटल येईल, तो आकडा तुम्ही हिशेबात धरायचा.

मामा : पेरणीची तारीख, मातीची खोली, पाऊस आणि उत्पादन कशामुळे घटलं हे सगळं वहीत लिहिलेलं असेल, तर धरेन.